पौर्णिमा जवळ येते तेव्हा

(पौर्णिमेनिमित्त योजलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



१४ नोव्हेंबर २०१६ ची संध्याकाळ बहुतेकांना निराळ्याच कारणासाठी आठवत असेल. पाचशे आणि हजाराच्या जुन्या नोटा रद्द होऊन सहा दिवस झाले होते, एटीएमच्या दारांत रांगा होत्या आणि घराघरांत त्याचीच चर्चा होती. त्याच दिवशी त्रिपुरी पौर्णिमा होती. देवळांच्या दीपमाळा उजळल्या आणि पूर्वेला चंद्र वर आला. वृत्तपत्रे व वाहिन्या आठवडाभर सांगत होत्या की, अडुसष्ट वर्षांत दिसला नाही असा महाकाय चंद्र त्या रात्री दिसणार आहे. ‘सुपरमून’ हा शब्द तेव्हा शाळकरी मुलांच्याही तोंडी झाला. लोक हौसेने गच्चीवर गेले. काहींना तो चंद्र खरोखर प्रचंड भासला. काही जण मात्र ‘नेहमीसारखाच तर आहे’ असे म्हणत खाली उतरले.

गंमत अशी की, या दोन्ही पक्षांचे म्हणणे एका अर्थी बरोबर होते. चंद्र खरोखरच जवळ आला होता. पण किती जवळ आला होता आणि डोळ्यांना त्यातले किती कळू शकते, हे त्यांना कोणी नीट सांगितले नव्हते. जिथे नीट सांगितले जात नाही, तिथे दोन गोष्टी हमखास शिरतात. एक अतिशयोक्ती आणि दुसरी भीती. मोठ्या चंद्राची बातमी आली की पाठोपाठ समुद्र खवळण्याच्या, भूकंप होण्याच्या, अनिष्ट घडण्याच्या वार्ता भ्रमणध्वनीवरून फिरू लागतात, आणि सुशिक्षित घरांतूनही त्या पुढे पाठविल्या जातात. ज्या समाजाचे बहुतेक सण चंद्राच्या गतीवर बांधलेले आहेत, त्याने चंद्राला भ्यावे, ही गोष्ट थोडी विचित्रच म्हणावी लागेल.

प्रथम नावाविषयी. ‘सुपरमून’ हा शब्द कोणा खगोलशास्त्रज्ञाने घडविलेला नाही. रिचर्ड नोल नावाच्या अमेरिकी फलज्योतिष्याने १९७९ साली तिकडच्या एका राशिभविष्याच्या नियतकालिकात तो प्रथम वापरला. चंद्र आपल्या कक्षेतील पृथ्वीला निकटतम बिंदूच्या नव्वद टक्के जवळ असताना येणारी पौर्णिमा किंवा अमावास्या, अशी त्याने व्याख्या केली. नव्वद टक्केच का, याला शास्त्रीय कारण काहीही नाही. म्हणूनच एखाद्या वर्षी तीन सुपरमून असल्याचे कोणी सांगतो, तर कोणी चार. ज्यांना आपल्या ज्योतिषाची अडगळ वाटते, तीच मंडळी परदेशातील भविष्यकथनाच्या पानावरून आलेला हा शब्द मात्र विज्ञान समजून मिरवितात, हा काव्यगत न्यायच म्हणायचा!

शब्द बाजूला ठेवून वस्तुस्थितीकडे वळू या. चंद्राची कक्षा पूर्ण वर्तुळ नाही. ती किंचित लांबट आहे आणि पृथ्वी तिच्या मध्यापासून एका बाजूला सरकलेली आहे. त्यामुळे चंद्राचे अंतर दररोज बदलते. सरासरी अंतर ३ लाख ८४ हजार ४०० किलोमीटर. निकटच्या बिंदूला मराठी विज्ञानपुस्तकांत उपभू म्हणतात आणि दूरच्या बिंदूला अपभू. उपभूशी चंद्र कधी कधी ३ लाख ५६ हजार ५०० किलोमीटरपर्यंत जवळ येतो, तर अपभूशी ४ लाख ६ हजारांच्या पलीकडे जातो. म्हणजे दोन टोकांत जवळपास पन्नास हजार किलोमीटरचा फरक पडतो. पृथ्वीच्या चार व्यासांइतका हा फरक लहान म्हणता येणार नाही. मग तो डोळ्यांना का दिसत नाही?

खिशातील दोन नाणी काढून पाहावीत. २०११ च्या मालिकेतील रुपयाचे नाणे सुमारे २२ मिलिमीटर व्यासाचे आहे, तर दोन रुपयांचे २५ मिलिमीटरचे. अतिदूरच्या आणि अतिनिकटच्या पौर्णिमेच्या चंद्रबिंबांत जो फरक असतो, तो नेमका या दोन नाण्यांतला, म्हणजे सुमारे चौदा टक्क्यांचा. नाणी शेजारी शेजारी ठेवली की तो लगेच कळतो. पण आकाशात हे दोन चंद्र शेजारी कधीच नसतात. एक आज दिसतो आणि दुसरा सहा-सात महिन्यांनी, तोपर्यंत पहिल्याची आठवण पुसट झालेली असते. शिवाय वृत्तपत्रांत ‘चौदा टक्के मोठा, तीस टक्के तेजस्वी’ असे छापले जाते, तेव्हा कोणाच्या तुलनेत, हे सांगायचे राहून जाते. ही तुलना सर्वांत दूरच्या पौर्णिमेशी आहे. सर्वसाधारण पौर्णिमेशी तुलना केली तर व्यास सुमारे सात टक्के आणि तेज सुमारे पंधरा टक्के अधिक, एवढेच उरते. तेवढे तेज तर हवेतील धुरकटपणा सहज खाऊन टाकतो.

मग २०१६ च्या त्या अडुसष्ट वर्षांचे काय? तेही खरेच होते. त्या दिवशी चंद्र ३,५६,५०९ किलोमीटर अंतरावर आला. याहून जवळची पौर्णिमा त्याआधी २६ जानेवारी १९४८ रोजी झाली होती, म्हणजे भारत प्रजासत्ताक होण्याच्या बरोबर दोन वर्षे आधी. तेव्हाचे अंतर होते ३,५६,४६१ किलोमीटर. दोहोंमधला फरक अवघा ४८ किलोमीटरचा. मुंबईहून लोकलने कल्याण गाठायला याहून अधिक अंतर कापावे लागते! विक्रम गणिताच्या वहीत होता. आकाशात तो कोणालाही दिसण्याजोगा नव्हता. ज्यांनी चंद्राकडे कधी पाहिलेच नव्हते, त्यांना त्या निमित्ताने मान वर करावीशी वाटली, एवढा उपकार मात्र त्या गाजावाजाचा मानायला हवा.

तरीही ‘काहींना चंद्र प्रचंड भासला’ त्याचे कारण उरतेच. ते कारण आकाशात नसून पाहणाऱ्याच्या मनात आहे. उगवता चंद्र झाडांच्या, घरांच्या, डोंगराच्या कडेला दिसतो, तेव्हा मेंदू त्याला फार मोठा समजतो. हा भ्रम आहे आणि तो सर्वांनाच होतो. तो होतो हे माहीत असलेल्यालाही तो चुकत नाही. वस्तुतः क्षितिजावरचा चंद्र डोक्यावरच्या चंद्रापेक्षा पृथ्वीच्या एका त्रिज्येने, म्हणजे जवळपास सहा हजार किलोमीटरने अधिक दूर असतो आणि त्यामुळे किंचित लहानच दिसायला हवा. पडताळा घेणे सोपे आहे. तुरीचा एक दाणा चिमटीत धरून हात पूर्ण लांब करावा आणि एक डोळा मिटून उगवत्या चंद्रासमोर धरावा. तो एवढासा दाणा त्या ‘महाकाय’ चंद्राला जवळजवळ झाकून टाकतो. चार तासांनी चंद्र वर चढल्यावर पुन्हा तोच प्रयोग करावा. दाणा तोच आणि चंद्रही तेवढाच. घरातील मुलांकडून हे अवश्य करून घ्यावे. स्वतःच्या डोळ्यांनी आपल्याला फसविले, हे कळल्यावर त्यांच्या मुद्रेवर जे उमटते, ते कोणत्याही धड्याने उमटत नाही.

आता थोडे आपल्याकडच्या गणिताविषयी. ‘आमच्या पूर्वजांना सुपरमून माहीत होता’ असे विधान कोणी व्यासपीठावरून केले तर टाळ्या पडतील; पण त्या विधानाला अर्थ फारसा नाही. त्यांना काय माहीत होते आणि किती अचूक माहीत होते, हे आकड्यांत सांगता येते, आणि ते आकडे टाळ्यांपेक्षा अधिक बोलके आहेत.

सूर्यसिद्धांतात एका महायुगातील, म्हणजे ४३,२०,००० वर्षांतील दिवसांची संख्या १,५७,७९,१७,८२८ दिली आहे. तेवढ्या काळात चंद्राच्या ५,७७,५३,३३६ प्रदक्षिणा होतात आणि चंद्राच्या ‘उच्चा’च्या ४,८८,२०३ होतात. हे उच्च म्हणजे चंद्राच्या कक्षेतील पृथ्वीपासून सर्वांत दूरचा बिंदू आणि त्याच्या समोरचे नीच म्हणजे निकटचा बिंदू. (जन्मपत्रिकेतील उच्चीचा वा नीचीचा चंद्र ही वेगळी गोष्ट; शब्दसाम्यामुळे भलभले घोटाळ्यात पडतात.) हा बिंदू स्थिर नाही, तोही हळूहळू फिरतो, हे येथे गृहीतच धरलेले आहे. आता पहिल्या संख्येतून दुसरी वजा करावी आणि येणाऱ्या ५,७२,६५,१३३ या संख्येने दिवसांना भागावे. उत्तर येते २७.५५४६ दिवस. चंद्र एका नीचापासून निघून पुन्हा नीचाशी येतो, तो हा काळ. आजच्या मोजमापाप्रमाणे तो २७.५५४५५ दिवस आहे. दोहोंत पाच सेकंदांचाही फरक नाही!

दुर्बीण नाही, लंबकाचे घड्याळ नाही, तरी हे जमले कसे? पिढ्यान्‌पिढ्यांच्या निरीक्षणांतून आणि विशेषतः ग्रहणांच्या नोंदींतून. हे एकट्या भारतातच घडले, असा दावा करण्याचे कारण नाही. बाबिलोनच्या आणि ग्रीसच्या गणितज्ञांनीही हा काळ याच तोडीने काढलेला होता. आकाश सर्वांचे आहे. ज्यांनी चिकाटीने पाहिले, त्यांना ते दिसले.

सूर्यसिद्धांत येथेच थांबत नाही. ग्रहणाच्या प्रकरणात चंद्रबिंबाचा व्यास एकच एक न धरता, त्या दिवशीच्या चंद्राच्या प्रत्यक्ष गतीने तो गुणावा आणि मध्यम गतीने भागावा, असे सांगितले आहे. म्हणजे चंद्र वेगाने चालत असेल त्या दिवशी त्याचे बिंब मोठे मानायचे. जवळचा चंद्र वेगवान आणि जवळचा चंद्र मोठा, ही सांगड त्या नियमात आहे. तसेच सूर्याच्या ओढीमुळे चंद्राच्या गतीत आणखी एक फरक पडतो, त्यासाठी मुंजालाने इ.स. ९३२ च्या ‘लघुमानसा’त वेगळा संस्कार दिला.

आपल्या कोकणचा दाखला तर याहून मोलाचा. मुरूड-जंजिऱ्याजवळच्या नांदगावचे गणेश दैवज्ञ यांनी शके १४४२ मध्ये, म्हणजे इ.स. १५२० साली ‘ग्रहलाघव’ रचले आणि पुढे कितीतरी पिढ्या महाराष्ट्राची पंचांगे त्यावरून तयार झाली. या ग्रंथात त्यांनी कोणत्याही एका सिद्धांताचा आंधळा अभिमान धरला नाही. सूर्य आणि चंद्राचे उच्च सौरपक्षाचे घेतले; चंद्र मात्र सौरपक्षाचा घेऊन त्यातून नऊ कला वजा केल्या; इतर ग्रहांपैकी काही आर्यपक्षाचे, काही ब्राह्मपक्षाचे घेतले. कसोटी एकच, आकाशात काय दिसते! ऋषिप्रणीत मानलेल्या ग्रंथातून नऊ कला वजा करण्याचे धैर्य त्यांनी दाखविले आणि त्यासाठी त्यांना कोणी धर्मबुडवे म्हटले नाही. पुढे याच ग्रंथाचे गणितही आकाशाशी जुळेनासे झाले, तेव्हा एकोणिसाव्या शतकात केरो लक्ष्मण छत्रे आणि पुढे व्यंकटेश बापूजी केतकर यांनी नवी कोष्टके तयार केली. शंकर बाळकृष्ण दीक्षितांचा भारतीय ज्योतिषशास्त्राचा १८९६ मध्ये प्रसिद्ध झालेला इतिहास ज्यांनी वाचला असेल, त्यांना ही परंपरा किती जागती होती, हे ठाऊक असेल. ज्यांनी वाचला नसेल त्यांनी परंपरेविषयी बोलण्यापूर्वी तो अवश्य वाचावा.

हे सारे गणित आजही घराच्या भिंतीवर टांगलेले असते. चंद्र जवळ असला की त्याची गती दिवसाला सुमारे पंधरा अंशांपर्यंत वाढते. दूर असला की ती बारा अंशांच्याही खाली येते. एक नक्षत्र म्हणजे तेरा अंश वीस कला. जवळचा चंद्र ते साधारण एकवीस तासांत ओलांडतो, तर दूरच्या चंद्राला सत्तावीस तास लागतात. पंचांगात किंवा दिनदर्शिकेत प्रत्येक नक्षत्राची समाप्ती दिलेली असते. आज संपणारे नक्षत्र किती वाजता संपते आणि उद्याचे किती वाजता, एवढे पाहून वजाबाकी करावी. पौर्णिमेच्या आसपास हे अंतर एकवीस-बावीस तासांचे आले, तर ती जवळची पौर्णिमा. सव्वीस-सत्तावीस तासांचे आले, तर दूरची. तिथींचेही तसेच. कधी तिथी जेमतेम एकोणीस-वीस तासांची, तर कधी सव्वीस तासांहून मोठी असते. तिथीचा क्षय झाला की ‘हे काय नवीनच?’ म्हणून कपाळाला आठ्या घालणाऱ्यांना कल्पना नसते की, चंद्र जवळून, म्हणून वेगाने चालला आहे, याची ती बहुधा खूण असते. बातमीची वाट न पाहता सुपरमून ओळखण्याची ही रीत आहे आणि तिला वजाबाकीपलीकडे काही लागत नाही.

ही जवळची पौर्णिमा दरवर्षी एकाच महिन्यात का येत नाही? पौर्णिमेपासून पौर्णिमेचा काळ २९.५३ दिवसांचा, तर नीचापासून नीचाचा २७.५५ दिवसांचा. पहिल्याची चौदा आवर्तने आणि दुसऱ्याची पंधरा जवळजवळ बरोबर जुळतात, ४१३ दिवसांना. त्यामुळे वर्षातील सर्वांत जवळची पौर्णिमा बहुधा ४१३ दिवसांनी, म्हणजे एक वर्ष आणि सुमारे दीड महिन्याने पुन्हा येते आणि आपल्या सणांतून संथपणे पुढे चालत राहते. २०१६ साली ती त्रिपुरीला होती. मग २०१८ च्या जानेवारीत पौषी पौर्णिमेला, २०१९ साली माघीला. २०२० साली ती ८ एप्रिलला, हनुमान जयंतीला आली. टाळेबंदीमुळे देवळे बंद होती, रस्ते निर्मनुष्य होते आणि हवा कधी नव्हे इतकी स्वच्छ होती. घरात कोंडलेल्या माणसांना खिडकीतून तो चंद्र तेवढा सोबतीला होता. २०२१ मध्ये वैशाखातील बुद्धपौर्णिमा, २०२२ मध्ये १३ जुलैची गुरुपौर्णिमा, जी बहुतेक महाराष्ट्रात ढगांआडच साजरी होते. २०२३ मध्ये नारळी पौर्णिमेची रात्र. चंद्रयान-३ चे विक्रम अवतरक २३ ऑगस्टला चंद्राच्या दक्षिण भागात उतरून तेव्हा आठवडाच झाला होता. २०२४ साली कोजागिरी. १६ ऑक्टोबरच्या त्या रात्री गच्च्यांवर दूध आटत होते, तेव्हा चंद्र आपल्या निकटच्या बिंदूपासून काही तासांवरच होता. २०२५ साली पुन्हा त्रिपुरी, ५ नोव्हेंबर; अंतर सुमारे ३ लाख ५७ हजार किलोमीटर. २०२६ सालचा मान मार्गशीर्ष पौर्णिमेचा: दत्तजयंती २३ डिसेंबरला आणि पौर्णिमेची समाप्ती २४ च्या सकाळी.

या यादीकडे बारकाईने पाहिले तर काही वेळा ही पौर्णिमा एकच महिना पुढे सरकते आणि काही वेळा दोन. पौषावरून माघ एकच महिना, माघावरून चैत्र मात्र दोन. हा लहरीपणा चंद्राचा नव्हे. मध्ये अधिक मास आला की चौदातील एक पौर्णिमा त्याच्या वाट्याला जाते आणि उडी एका महिन्याने आखूड होते. २०१८ साली अधिक ज्येष्ठ होता, २०२० साली अधिक आश्विन, २०२३ साली अधिक श्रावण. सौर आणि चांद्र वर्षांचा मेळ घालण्यासाठी केलेली तजवीज येथे अशी अनपेक्षितपणे डोकावते.

आता भीतीविषयी स्पष्ट बोलायला हवे. २०११ च्या १९ मार्चला मोठा सुपरमून झाला. त्याच्या आठ दिवस आधी, ११ मार्चला, जपानमध्ये महाभयंकर भूकंप आणि त्सुनामी झाली होती. लगेच दोहोंचे नाते जोडले गेले. पण ११ मार्चला चंद्र होता कुठे? अपभू बिंदू, म्हणजे दूरचे टोक, त्याने ६ मार्चला गाठले होते. पाचच दिवसांनी तो अजून दूरच्याच बाजूला होता आणि धड अर्धाही झालेला नव्हता. दुसरे उदाहरण आपल्या किनाऱ्यांना अधिक जवळचे. २६ डिसेंबर २००४. त्या दिवशी दत्तजयंती होती. तमिळनाडू आणि अंदमान-निकोबारच्या किनाऱ्यांवर त्सुनामीने हाहाकार केला. पौर्णिमा होती हे खरे. पण चंद्र दुसऱ्याच दिवशी अपभूला पोचत होता. म्हणजे ती वर्षातील अत्यंत दूरच्या पौर्णिमांपैकी एक होती. जवळच्या चंद्राने जर हे संकट आणले असेल, तर त्या दिवशी तो जवळ असायला नको होता काय?

भरती-ओहोटीच्या ताणाचा मोठ्या भूकंपांशी थोडासा संबंध असावा, असे टोकियो विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ साली मांडले आहे आणि ते नाकारण्याचे कारण नाही. परंतु तो संबंध शेकडो भूकंपांच्या आकडेवारीतून डोकावणारा आहे. त्यावरून अमुक पौर्णिमेला अमुक गावी भूकंप होईल, असे जगातील कोणतीही वेधशाळा सांगत नाही. जो सांगतो, त्याच्यापासून सावध राहावे, मग तो कोणत्याही भाषेत आणि कोणत्याही वेषात सांगो.

समुद्राचे मात्र वेगळे आहे. तेथे चंद्राचे जवळ येणे खरोखर जाणवते. भरती उठविणारी चंद्राची ओढ अंतराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. त्यामुळे अंतर सात टक्क्यांनी घटले की ती ओढ सरासरीच्या मानाने सुमारे पंचवीस टक्क्यांनी वाढते. डोळ्यांना जो फरक कळत नाही, तो दर्याला कळतो. कोकणातील कोळी बांधवांना हे शिकवावे लागत नाही. पौर्णिमा-अमावास्येचे उधाण आणि अष्टमीच्या सुमाराची भांगाची भरती हे त्यांच्या रोजच्या बोलण्यातले शब्द आहेत. सर्वांत मोठे उधाण बरोबर पौर्णिमेला न येता एक-दोन दिवसांनी येते, हेही त्यांना ठाऊक असते. असे उधाण स्वच्छ हवेत आले तर पुळणीवर पाणी चार पावले अधिक चढते, एवढेच. पण तेच जर मुसळधार पावसाशी गाठ घालून आले, तर मुंबईसारख्या शहरात पावसाचे पाणी समुद्रात जायला वाट राहत नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रुझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्या दुपारी भरतीही होती. त्यातून काय झाले ते सांगायला नको. तेव्हा किनाऱ्यावरच्या माणसाने चंद्राच्या अंतराची दखल घ्यावी, ती जरूर घ्यावी. पण भरतीचे वेळापत्रक हाती घेऊन घ्यावी. दारे-खिडक्या लावून घरात बसल्याने उधाण ओसरत नाही.

प्रत्यक्ष पाहण्याविषयी काही गोष्टी. पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो, म्हणून पूर्वेचे क्षितिज मोकळे असलेली जागा आधी दिवसाउजेडी हेरून ठेवावी. पुण्याच्या पर्वतीसारखी टेकडी उत्तम. मुंबईच्या चौपाटीवर संध्याकाळी जाऊन चंद्रोदयाची वाट पाहणाऱ्यांची निराशा होते, कारण तेथे समुद्र पश्चिमेला आहे. मात्र त्याच चौपाटीवर, किंवा कोकणच्या कोणत्याही पुळणीवर, दुसऱ्या दिवशी पहाटे जावे. पाठीमागे उजाडत असते आणि समोर समुद्रात तांबूस चंद्र बुडत असतो. चंद्रोदयाला गर्दी होते. या चंद्रास्ताला कोणी नसते. पाहण्यासारखा खरा तोच.

पौर्णिमेला दुर्बिणीतून चंद्रावरील विवरे नीट दिसत नाहीत, हे ऐकून अनेकांना नवल वाटते. त्या दिवशी सूर्य चंद्राच्या दर्शनी भागावर समोरून तळपतो, त्यामुळे सावल्या पडत नाहीत आणि सारे सपाट भासते. विवरे पाहायची तर अष्टमीच्या सुमारास, उजेड-अंधाराच्या सीमेवर पाहावीत. पौर्णिमेचे वैभव वेगळे. काळसर ‘समुद्र’, ज्यांत आपल्या लोकांनी ससा पाहिला, हरीण पाहिले आणि चंद्राला शशांक व मृगांक ही नावे दिली, ते नुसत्या डोळ्यांनीही ठसठशीत दिसतात. साध्या द्विनेत्रीतून पाहिले तर दक्षिणेकडील टायको विवरापासून चहूकडे फाकलेले पांढरे पट्टे दिसतात, फुटलेल्या अंड्याच्या कवचावरील तड्यांसारखे. सूर्यग्रहणासारखा डोळ्यांना धोका येथे मुळीच नाही.

फरक स्वतः पडताळून पाहण्याची इच्छा असेल, तर छायाचित्रासारखे साधन नाही. जवळच्या पौर्णिमेला चंद्र चांगला वर आल्यावर कॅमेऱ्याने, भिंगाची जी स्थिती असेल ती लिहून ठेवून, एक छायाचित्र घ्यावे. सात महिन्यांनी दूरच्या पौर्णिमेला त्याच कॅमेऱ्याने, त्याच स्थितीत दुसरे घ्यावे. दोन्ही एकाच मापात छापून अर्धी अर्धी जोडावीत. २०२५ साली ज्यांनी हनुमान जयंतीचा चंद्र टिपला असेल आणि मग त्रिपुरीचा, त्यांच्याजवळ ४ लाख ६ हजार किलोमीटरवरचा आणि ३ लाख ५७ हजारांवरचा असे दोन चंद्र असतील. जोड लावताच नाण्यांसारखा फरक उघडा पडतो. शाळेच्या विज्ञानप्रदर्शनात ज्वालामुखीच्या ठराविक प्रतिकृतींऐवजी असे एखादे चित्र लागले तर ते काम त्या मुलाचे स्वतःचे असेल, कारण सात महिने थांबण्याला पर्याय बाजारात विकत मिळत नाही.

२०१६ च्या त्या त्रिपुरीच्या चंद्राचे गणित मात्र अजून पुरे व्हायचे आहे. पौर्णिमेची २२३ आवर्तने आणि नीचाची २३९ आवर्तने १८ वर्षे ११ दिवसांनी जुळतात. १४ नोव्हेंबर २०१६ मध्ये हा काळ मिळविला की २५ नोव्हेंबर २०३४ ही तारीख येते. त्या दिवशीही त्रिपुरी पौर्णिमाच आहे. अंतर असेल ३,५६,४४६ किलोमीटर, म्हणजे २०१६ पेक्षा आणि १९४८ पेक्षाही कमी. २०१६ साली वडिलांचे बोट धरून गच्चीवर गेलेले दहा वर्षांचे मूल तेव्हा अठ्ठावीस वर्षांचे असेल. त्या दिवशीचा तुरीचा दाणा आणि नक्षत्रांची वजाबाकी त्याला आताच शिकवून ठेवता येईल.